डोळ्याला रकाना नव्हता

ताईच्या उजव्या डोळ्यात दिवसातून दोनदा औषधाचे थेंब पडतात. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. डावा डोळा काचबिंदूनं नेला, त्याला बारा वर्षं झाली. तो जात असताना कुणाला कळलं नाही, तिलाही नाही. काचबिंदूत डोळा दुखत नाही आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढत राहतो. कळलं तेव्हा डाव्यात फक्त उजेड-अंधार उरला होता. उजव्याच्या आतला दाब, ज्याला दवाखान्यात सगळे प्रेशर म्हणतात, तो थेंबांनी आटोक्यात ठेवला होता. दर सहा महिन्यांनी राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचं, मशीनमध्ये कपाळ टेकवायचं, कागद घेऊन परत यायचं. बारा वर्षांत तिनं एकही फेरी चुकवली नव्हती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. अंगणवाडीतून निवृत्त झालेली. गाव मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अलीकडे. तिथल्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, वर्षावासात, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचायचं काम ताईचं. सातला थेंब, साडेसातला वाचन. समोर सतरंजीवर बहुतेक बायका, मागे दोन-चार म्हातारे. एका डोळ्यानं वाचते म्हणून कुणी तिला कधी सवलत दिली नाही आणि तिनं मागितली नाही. त्या एका डोळ्याचं काय झालं, याची ही नोंद आहे.

पौर्णिमेला आठ दिवस असताना विहाराची रंगरंगोटी चालली होती. ताई बादली घेऊन पायऱ्या उतरत होती. पायरी तिला दिसली; किती खाली आहे ते दिसलं नाही. एका डोळ्यानं पाहणाऱ्याला खोली नीट कळत नाही. उजव्या दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं.

जिल्ह्यातल्याच एका मोठ्या गावातल्या खाजगी हॉस्पिटलात तिला नेलं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा म्हणेल, ते हॉस्पिटलच तसं असेल. पुढं ज्या कागदाबद्दल लिहिणार आहे तसाच कागद नंतर आणखी तीन ठिकाणी पाहिला. तिथंही तो असाच होता.

प्लेट टाकावी लागेल, पूर्ण भूल द्यावी लागेल, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. सिस्टरनं एक छापील कागद दिला. ताईचा उजवा हात झोळीत होता, म्हणून तो मी भरला. बीपी, शुगर, दमा, हृदयविकार, फिट येणे, आधीची ऑपरेशनं, औषधाची ॲलर्जी. सात रकाने. सातही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं आणि सही केली. सातही उत्तरं खरी होती. डोळ्याला रकाना नव्हता.

तीस वर्षं बातमीदारी केली. कागदात जे विचारलेलं नाही ते आधी विचारायचं, हे नव्या मुलांना शिकवलं. त्या दिवशी विचारलं नाही. मोडला होता हात, डोळ्याचं काय सांगायचं, असंच मलाही वाटलं. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचा राग एकतर्फी वाटणार नाही.

संध्याकाळी सहाला खिचडी देऊन सिस्टर म्हणाल्या, “आता उद्या ऑपरेशन होईपर्यंत पोटात काहीच जाऊ द्यायचं नाही.” दुसऱ्या दिवशी अकराची वेळ होती. भुलेचे डॉक्टर त्या हॉस्पिटलचे नव्हते. त्या भागात ते नसतातच. एकच डॉक्टर गाडी घेऊन तीन-चार हॉस्पिटलांत फिरतात. अकराचे दोन झाले, दोनाचे चार झाले. चार वाजता सांगितलं की आज होणार नाही. सहाला पुन्हा खिचडी, पुन्हा तीच सूचना. ऑपरेशन तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला झालं. भुलेच्या डॉक्टरांनी ताईला पहिल्यांदा पाहिलं ते टेबलावर झोपवल्यावर.

मी आणि तिची सून बाहेर बाकावर होतो. चारच्या सुमाराला आतून खोकला ऐकू आला. कोरडा, दम कोंडल्यासारखा, बराच वेळ. सून उभी राहिली. दारातल्या मावशी म्हणाल्या, “काही नाही वो, नळी काढून राह्यले. सगळेच खोकलतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई उठून बसली होती. हात बांधलेला, घसा बसलेला. खिडकीकडे तोंड करून ती उजवा डोळा सारखा मिटत-उघडत होती.

“डोया जड वाटून राह्यला,” ती म्हणाली. “रातच्याले त्या ट्यूबलाइटभोवती गोल गोल रंग दिसत होते. कपाय ठणकते.”

“थेंब टाकले काय?”

“उपाशी होती ना बे मी!”

“उपाशीपणाचा न् थेंबाचा काय संबंध?”

“काऊन नाही? थेंब टाकले का घशात कडू उतरते. घशात उतरलं म्हंजे पोटात गेलं. सिस्टर म्हणे, पोटात काही जाऊ द्यायचं नाही. मी इचारलंही त्यायले, डोयाची दवाई टाकू काय? तं म्हणे, आज काहीच नोको, उद्या पाहू.”

“अन् काल रात्री?”

“काल रातच्याले मी मेल्यासारखी पडेल होती. कोण टाकीन?” मग माझ्याकडं पाहून म्हणाली, “तू तं पेपरवाला. दुनियेले इचारत फिरतो. मले नाही इचारलं?”

पिशवीतून बाटली काढली. जुनी संपली म्हणून भरती होण्याआधी घेतलेली नवी बाटली. तिचं सील तसंच होतं. भरती झालेल्या संध्याकाळपासून मोजलं तर पाच वेळा थेंब चुकले होते.

तिच्या तर्काला पुढं अनेक जण हसले. त्यांच्यात दोन शिकलेले नातेवाईक होते. हसण्यासारखं काही नव्हतं. डोळ्यात टाकलेलं औषध आतल्या कोपऱ्यातल्या बारीक वाटेनं नाकात आणि तिथून घशात उतरतं, हे शरीराचं सत्य आहे. तिला ते चवीनं माहीत होतं. उपास ती लहानपणापासून काटेकोर पाळत आली. तिनं निरीक्षण केलं, नियम लावला, खात्री करायला जबाबदार माणसाला विचारलंही. उत्तर मिळालं, ‘काहीच नको.’ चूक कुठं झाली ते पाहायचं असेल तर या क्रमात पाहावं.

राउंडला आलेल्या हाडांच्या डॉक्टरांना डोळ्याचं सांगितलं. ते प्लेटच्या एक्स-रेवर खूश होते. म्हणाले, “भुलेनं होतं असं थोडंफार. घशाला गरम पाण्याच्या गुळण्या करा.” डोळा दुखतो म्हणून सांगितलं होतं. गुळण्या घशाच्या होत्या.

थेंब त्याच दिवशी सुरू केले. चार दिवसांनी सुट्टी झाली, पाचव्या दिवशी बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. थेंब पुन्हा सुरू होऊनही दाब नेहमीपेक्षा बराच वर होता. मशीनमध्ये बसवून नजरेचा नकाशा काढला. दिवा लुकलुकला की बटण दाबायचं, दाबलं नाही तिथं कागदावर काळं. सहा महिन्यांपूर्वीचा कागद डॉक्टरांनी शेजारी ठेवला. आधी डावीकडं कडेला जो काळा पट्टा होता, तो आता मध्याच्या जवळ आला होता.

“हे परत येणार?” ताईनं विचारलं.

“गेलेलं परत येत नाही, आजी. आहे ते राखायचं.”

मग ते माझ्याकडं वळले आणि भुलेची नळी घातली होती का, ते विचारलं. त्या ऑपरेशनच्या सगळ्या प्रवासात हा प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस. त्यांनी जे सांगितलं ते वहीत उतरवून घेतलं. पूर्ण भुलेत श्वास चालू ठेवायला घशातून श्वासनलिकेत नळी घालतात. ती घालताना धातूच्या पात्यानं जीभ उचलून धरावी लागते. माणूस झोपेत असला तरी शरीर त्यानं दचकतं. बीपी वाढतो, नाडी वाढते आणि डोळ्यातला दाबही वाढतो. नळी काढताना जोराचा खोकला आला तर आणखी वाढतो, कारण खोकल्यानं मानेच्या वरच्या शिरांत रक्त तुंबतं. धडधाकट डोळ्याला ही वाढ काही मिनिटांची आणि नगण्य. ज्या डोळ्याची नस आधीच अर्धी वाळलेली आहे, त्याची गोष्ट वेगळी.

“म्हणजे नळीमुळे झालं?”

“ते मी लिहून देणार नाही,” ते म्हणाले. “थेंब चुकले, तोही दाब आहे. नळी, तोही दाब. आजार पुढं सरकायचाच होता असंही असू शकतं. कुणाचा वाटा किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.”

हे उत्तर प्रामाणिक होतं. त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. कारण ज्या नुकसानीचा वाटा ठरवता येत नाही, त्याची जबाबदारी कुणावर येत नाही, आणि जे कुणावर येत नाही ते पुन्हा होतं.

भुलेच्या नोंदीची प्रत मागायला त्या हॉस्पिटलात गेलो. तिसऱ्या खेपेला मिळाली. वजन साठ किलो लिहिलेलं. ताईचं वजन सत्तेचाळीस. त्याच हॉस्पिटलच्या पहिल्या दिवसाच्या केसपेपरवर सत्तेचाळीसच आहे. ‘इतर आजार’ या ओळीत ‘काही नाही’. नियमित औषधं, ‘काही नाही’. सगळी ‘काही नाही’ एकाच शाईत, एकाच झोकात, वरून खाली. पेशंटचं नाव मात्र दुसऱ्या पेननं. हा कागद ताईला विचारून भरलेला नव्हता; भरलेल्या कागदावर ताईचं नाव टाकलेलं होतं. नळी घालणं, काढणं: ‘विनातक्रार’. जो खोकला आम्ही बंद दारातून ऐकला, त्याची नोंद आत उभ्या असलेल्या कुणी केली नव्हती.

भुलेचे डॉक्टर योगायोगानं पार्किंगमध्ये भेटले. बॅग गाडीत ठेवत होते. तरुण होते, डोळे तांबारलेले होते, बोलणं सभ्य होतं.

“काका, मला कुणी सांगितलंच नाही.”

“तुम्ही विचारलं?”

“विचारलं ना. टेबलावर विचारलं, काही त्रास आहे का. त्या म्हणाल्या, हात दुखतो.”

“माहीत असतं तर काय केलं असतं?”

“नळी कदाचित टाळली असती. दुसरं साधन आहे. किंवा नळीच घातली असती, पण जरा जपून.” मग त्यांनी घड्याळ पाहिलं. “मला पुढच्या ठिकाणी पोचायचंय.”

व्यवस्थापकाला कागदात एक ओळ वाढवायचा अर्ज दिला. ‘डोळ्यांचा आजार, चालू थेंब’. एवढीच ओळ. तो म्हणाला, “साहेब, फॉर्म सगळीकडं हाच चालतो.” पोच घेतली. ती अजून माझ्याकडं आहे. ओळ वाढलेली नाही; अलीकडेच पाहून आलो.

त्या वर्षीच्या वर्षावासात ग्रंथ दुसऱ्या बाईनं वाचला. ताई सतरंजीवर बसून ऐकायची. हात बांधलाय म्हणून, असं लोकांना सांगायची. घरी मात्र मी गेलो की वर्तमानपत्र पुढं ओढायची आणि मोठ्यानं मथळे वाचायची. “काम रखडले,” तिनं एकदा वाचलं. मथळा होता, ‘रस्त्याचे काम रखडले’. ओळीची सुरुवात डावीकडं असते, आणि डावीकडं आता काळं होतं. मान वळवून शोधलं की पहिला शब्द सापडायचा. पण विहारात पंचवीस माणसं समोर बसलेली असताना प्रत्येक ओळीला मान वळवून कसं वाचायचं? तिनं पेपर घडी करून ठेवला.

दहा महिन्यांनी प्लेटचा एक स्क्रू मागं सरकून कातडीखाली टोचायला लागला. प्लेट काढावी लागणार होती. म्हणजे पुन्हा पूर्ण भूल. ताई म्हणाली, “टोचू दे. हात गेला तं चालते, डोया नाही देत आता.” आठवडाभर ती हेच म्हणत राहिली. शेवटी तिचा खांदा सुजला.

यावेळी बुलढाण्याला गेलो. तिथल्या कागदावरही डोळ्याला रकाना नव्हता. ताई माझ्या खांद्यावरून पाहत होती. “खाली जागा हाये ना कोरी? तिथी लिव.” लिहिलं: एकच डोळा, त्यात काचबिंदू, दिवसातून दोनदा थेंब. डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी टाचली.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी भुलेच्या डॉक्टर स्वतः वॉर्डात आल्या. स्टूल ओढून बसल्या. चिठ्ठी वाचली आणि ताईला विचारलं, “आजी, मागच्या वेळी काय झालं?” ताईनं सांगितलं. खिचडीपासून खोकल्यापर्यंत सगळं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बॅगेतून एक वस्तू काढून ताईच्या हातात दिली. मऊ, फुगवता येणारी, लांबट वाटीच्या आकाराची, मागं नळी जोडलेली.

“यावेळी हे वापरू. हे श्वासनलिकेत जात नाही, वरच बसतं. पात्यानं जीभ उचलावी लागत नाही. त्यामुळे डोळ्यावर जोर कमी येतो. काढताना खोकलाही बहुतेक येत नाही. पण पोट रिकामं पाहिजे, नाहीतर हे चालत नाही. समजा नळी घालावीच लागली, तरी भूल खोल ठेवून घालता येते.”

“अन् थेंब?”

“उद्या सकाळी सातला, रोजच्यासारखे.”

“घशात उतरते ना वो. कडू लागते.”

“टाकल्यावर डोळा मिटायचा आणि इथं, नाकाजवळच्या कोपऱ्यावर, दोन मिनिटं बोट दाबून ठेवायचं. उतरणार नाही. थोडं उतरलं तरी त्यानं उपास मोडत नाही.”

ताईनं बोट कोपऱ्यावर ठेवून पाहिलं. बराच वेळ ठेवलं. मग म्हणाली, “इतकंच होतं काय?”

सगळं बोलणं बारा-पंधरा मिनिटांत झालं होतं. त्यात एकही महागडं यंत्र नव्हतं, मुंबई-पुण्याहून मागवलेलं काही नव्हतं. एक स्टूल होतं, एक प्रश्न होता, आणि जी वस्तू होती ती मागच्या भुलेच्या डॉक्टरांच्या बॅगेतही असणार, कारण त्यांनीच पार्किंगमध्ये तिचा उल्लेख केला होता. डोळ्याचा गेलेला भाग या पंधरा मिनिटांनी वाचला असता, असं लिहिता येत नाही. न लिहिता येण्याची सोयही त्या न दिलेल्या पंधरा मिनिटांनीच करून ठेवली आहे.

ऑपरेशन वेळेवर झालं. दारातून खोकला ऐकू आला नाही. चौथ्या दिवशी नजरेचा नकाशा काढला. काळं होतं तिथंच होतं.

पौर्णिमेला ताई विहारात पुन्हा वाचायला बसली. ग्रंथाच्या पानाच्या डाव्या कडेला लाल फीत ठेवलेली. ओळ संपली की फीत दिसेपर्यंत नजर मागं न्यायची, मग पुढची ओळ. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच शिकवलेली युक्ती. वाचन हळू झालं होतं. काही ओळींना फीत सापडूनही पहिला शब्द निसटायचा. तेव्हा समोरच्या बायकांतून कुणीतरी तो शब्द म्हणायची. इतक्या वर्षांच्या ऐकण्यानं त्यांना पाठ होता. ताई तो उचलून पुढं जायची. नंतर एक बाई मला कौतुकानं म्हणाली, “पाह्यलं भाऊ, कसं निभावून नेलं!” निभावलं खरं. पण कुणाचं कुणी निभावलं, ते त्या बाईला मी सांगत बसलो नाही.

पहिल्या दिवशीचं वाचन संपल्यावर ताईनं ग्रंथ मिटला नाही. चष्मा काढला आणि विचारलं, “इथी कोणाकोणाच्या डोयात रोजचे थेंब हायेत?”

थोडी चुळबूळ झाली. पाच हात वर आले.

“उपाशी राहा म्हणलं दवाखान्यात, तं थेंब टाकता का बंद करता?”

मागच्या भिंतीला टेकलेले एक म्हातारे म्हणाले, “बंदच करतो ना. घशात कडू उतरते.” बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

ताईनं बोट नाकाजवळच्या कोपऱ्यावर ठेवलं. “असं दाबाचं. अन् भूल देणार असतीन तं आधी सांगाचं, डोयाचा आजार हाये म्हणून. ते इचारत नाहीत. आपण सांगाचं.”

पाचही जणांनी बोटं कोपऱ्यावर ठेवली. म्हाताऱ्यांचं बोट चुकीच्या कोपऱ्यावर होतं, कानाकडच्या. ताईला ते दिसलं नाही; ते तिच्या डावीकडं बसले होते. शेजारच्या बाईनं त्यांचं बोट धरून नाकाकडं सरकवलं.